शाळेच्या बागेला दिलेलं पाणी

बाई,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सदुसष्ट साली तुम्ही शाळेच्या मागच्या पटांगणात बाग लावलीत. लिंबू, पेरू, पपई, कडेने जास्वंद. प्रत्येक मुलाकडे एक रोप.

२. शाळेचा नळ पुरेना, म्हणून शेजारच्या कारखान्याने बॉयलर हाऊसच्या मागून एक पाइप आपल्या कुंपणापर्यंत टाकून दिला.

३. ते पाणी तुम्ही लिटमस कागदाने तपासलंत. निळा कागद निळा राहिला, तांबडा तांबडा. पाणी बागेला सुरू झालं.

४. उन्हाळा संपायच्या आत बाग मेली.

५. दोष तुमच्या हलगर्जीपणाला दिला गेला. थोडा आम्हा मुलांनाही.

६. गेल्या वर्षी मी बॉयलर हाऊसच्या त्याच तोंडाशी पाणी घेऊन तपासलं. ते मिठाचं पाणी आहे.

७. त्याच पटांगणात दुसऱ्या पाण्यावर लावलेली झाडं यंदाचा उन्हाळा काढून उभी आहेत.

मी आता त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिथे अहवाल असाच लिहितात आणि आता मला दुसऱ्या तऱ्हेने सुरुवात करता येत नाही. सवय तुमचीच. प्रयोगवहीत कोणी 'मला असे वाटते' लिहिलं की तुम्ही त्याखाली लाल रेघ ओढायचात आणि म्हणायचात, काय दिसलं ते लिही, वाटण्याचं मधल्या सुट्टीत बघू. पण या सात कलमांत न मावणारी एक गोष्ट आहे. येत्या सोमवारी शाळा भरेल तेव्हा मुख्याध्यापकांनी मला मुलांशी बागेबद्दल बोलायला सांगितलं आहे. पहिली बाग का मेली, हे मुलं विचारणारच, कारण त्याचं एक उत्तर शाळेत पूर्वीपासून चालत आलं आहे: एका बाईंनी झाडं लावली आणि उन्हाळ्यात त्या गावाला निघून गेल्या. ते उत्तर खोटं आहे. खरं उत्तर माझ्याकडे आहे. पण ते सांगितलं की तुमच्यावरचा आळ जातो आणि त्या जागी तुमची चूक येते. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. परवानगी मागायची कोणाकडे, एवढाच माझा प्रश्न आहे.

तेव्हाचं पटांगण मला नीट आठवतं. मुरमाड जमीन, पलीकडे कारखान्याची लांबच लांब भिंत, आणि दुपारी त्या भिंतीची सावली जिथवर पोचते तिथवरच मुलं डबा खायला बसतात. तुम्ही कोणाच्या तरी वडिलांची बैलगाडी मागून पवना नदीकाठची माती आणवता. खड्डे आम्हीच खणतो. रोपं तुम्ही स्वतः तयार केलेली असतात, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांत. नळाला सकाळी थोडा वेळ पाणी येतं आणि ते प्यायलाच संपतं, म्हणून तुम्ही कारखान्याच्या गेटवर जाता. वॉचमन आत सोडत नाही. तुम्ही पुन्हा जाता. शेवटी एका साहेबांनी ऐकलं आणि पाइप आला, तेव्हा अख्ख्या वर्गाला घेऊन तुम्ही कुंपणाशी गेलात. पाणी स्वच्छ होतं, हाताला किंचित कोमट. तुम्ही दोन्ही कागद बुडवलेत, सगळ्यांना दाखवलेत, आणि मग बजावलंत, 'हे कारखान्याचं पाणी आहे. प्यायचं नाही, तोंड धुवायचं नाही, बोट जिभेला लावायचं नाही.'

आम्ही लावलं नाही. आमच्यातल्या बहुतेकांचे वडील मशीनवर होते. काहींच्या वडिलांच्या हाताची बोटं पुरी नव्हती. हात लावू नको, हा आमच्या घराघरांतला पहिला धडा. दुसऱ्या एखाद्या गावच्या शाळेत एखाद्या मुलाने तरी हट्टाने ते पाणी चाखून बघितलं असतं, थुंकलं असतं, आणि बाग वाचली असती. आमच्या वर्गात तसं एकही मूल नव्हतं.

तुमच्या खोलीवर मी रविवारी गणितासाठी यायचे. एकच खोली, तिच्यातच स्टोव्ह, खिडकीत चहाच्या जुन्या कपांत भिजत घातलेल्या लिंबाच्या बिया. पहिल्या रविवारी तुम्ही मला थालीपीठ दिलंत आणि तहान लागली म्हटल्यावर पाणी. घरी गेल्यावर आईने थालिपिठाबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, 'पाणी कशातनं दिलं?' मी म्हटलं, त्यांच्याच फुलपात्रातून, त्यांनी पिऊन झाल्यावर विसळून. आई थोडा वेळ भाकरी थापत राहिली आणि म्हणाली, 'मग जात जा.' बाबासुद्धा पुढे तुम्हाला रस्त्यात दिसलात तर सायकलवरून उतरायला लागले. आमच्या ओळीतल्या घरांतून दुसऱ्या कोणाच्या खोलीवर मुली शिकायला जात नसत. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नाही, आणि नंतर तशी वेळ राहिली नाही.

फेब्रुवारीत पानांच्या कडा करपायला लागल्या. टोकापासून तांबूस होत आत सरकणारी एक पट्टी, जणू कोणी पान काडीने शेकवलं आहे. आळ्यातल्या मातीवर पांढरी खपली धरायची. तुम्ही ती नखाने खरवडलीत आणि चुनखडी असेल म्हणालात. मार्चात माझं लिंबू ओळीत सर्वांत वाईट दिसत होतं. तुम्ही त्याच्याशी थांबलात. वर्ग मागे उभा होता. तुम्ही म्हणालात, 'पाणी घातलं असतंस तर हे असं दिसलं नसतं.' मी म्हटलं, घालते बाई, रोज घालते. तुम्ही पान उलटंपालटं करून पाहिलंत आणि म्हणालात, 'पानं खोटं बोलत नाहीत.'

तुम्ही आवाज चढवला नव्हता. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी विसरले असते. त्या दिवसापासून मी मधल्या सुट्टीतही एक डबा पाणी घालायला लागले. माझं लिंबू सर्वांत आधी मेलं. नंतरच्या रविवारी मी गणिताला आले, तुम्ही शिकवलंत, मी शिकले. त्या प्रसंगाबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. पण त्यानंतर तुमच्याशी बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घ्यायचे, पुरावा जवळ आहे की नाही ते बघायचे. पुढे ती माझी बोलण्याची रीतच झाली. कारखान्यातले लोक मला शिष्ट म्हणतात. म्हणू देत.

मेमध्ये साताऱ्याहून तार आली, तुमच्या आई आजारी होत्या. तुम्ही गेलात आणि परत आलात तोवर उरलेली झाडंही संपली होती. पंधरा ऑगस्टला शाळा समितीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. गावातले जुने जमीनदार, मोठ्या फेट्याचे. सगळ्यांदेखत म्हणाले, 'झाडं लावायची आन् गावाला जायाचं. आशानं बाग हुती व्हय?' लोक हसले. तुम्ही खुर्चीत सरळ बसून होतात आणि टाळ्या वाजल्या तेव्हा तुम्हीही वाजवल्यात. पुढच्या वर्षी तुम्ही खड्डे खणले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी तळेगावच्या शाळेत गेलात. शाळेत मात्र तुमची बाग राहिली. सहल ठरून रद्द झाली, स्नेहसंमेलनाचं नाटक बसेना झालं की कोणी तरी म्हणायचं, झाली बाईंची बाग. नंतरच्या मुलांना तर त्या बाई कोण, हेही ठाऊक नव्हतं.

आता अलीकडचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याच्या कार्मिक अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. कंपनीने पर्यावरणासाठी काही तरी करावं असं वरून आलं होतं, आणि मी शेजारच्या शाळेची माजी विद्यार्थिनी. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत असते: बॉयलरचं पाणी, पिण्याचं पाणी, नाल्याला जाणारं पाणी. झाडांचा अनुभव नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, 'अनुभव कशाला हवा? रोपं आम्ही देऊ, फोटोग्राफर आम्ही पाठवू.' हाच सगळीकडचा रिवाज आहे, हे मला नंतर कळलं. भोसरीकडच्या एका शाळेत मी बघायला गेले तेव्हा तिथल्या गुरुजींनी खड्डे दाखवले आणि मोकळेपणाने सांगितलं की खड्डे पक्के आहेत, दरवर्षी तेच वापरतो. जूनमध्ये पाहुणे येतात, रोपं लागतात, ऑक्टोबरात बकऱ्या येतात, मार्चात पाणी संपतं, मेमध्ये शाळाच नसते. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. ते जनगणनेच्या कामाला जुंपलेले, वर्गात साठ मुलं. कार्यानुभवाच्या तासाला बाग चालते, पण गुण रोप लावण्याला असतात, ते जगण्याला नाहीत.

आपल्या शाळेत मुख्याध्यापक आता तेच आहेत जे तेव्हा आम्हाला भूगोल शिकवायचे. मला अजून अगं-तुगं करतात. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, 'हे बघ, तुला नाही म्हणवत नाही. पण त्या जमिनीत काही होत नाही. बाईंनी जीव काढला होता तिथे.' निदान जीव काढला असं म्हणणारा एक माणूस होता. शेवटी एका उन्हाळ्यापुरती त्यांनी परवानगी दिली. झाडं जगली तर ठीक, नाही तर तिथे फरशी घालून सायकलींसाठी शेड. पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले की आम्ही पोरांना मॅट्रिक करायला पाठवतो, माळी करायला नाही. दुसऱ्याने त्यांना खाली बसवत म्हटलं, 'बसा राव, माळ्याला सावली तरी मिळते.'

पाण्याचा प्रश्न तुमच्या वेळी होता तिथेच होता. कार्मिक अधिकारी उत्साहाने म्हणाले, 'अहो, लाइन आहेच की. बॉयलर हाऊसच्या मागे जुना पाइप आहे, शाळेकडे जाणारा. पूर्वी कोणी तरी टाकलेला. व्हॉल्व्ह उघडला की झालं.' त्या वाक्याशी मी खुर्चीतून उठले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. दुपारी मी बॉयलर हाऊसच्या मागे गेले. भिंतीला टेकून खडे मिठाची पोती रचलेली होती. ती मी रोज बघत होते. बॉयलरला जड पाणी चालत नाही, आत थर चढतो, घरच्या बंबाला चढतो तसा. म्हणून पाणी आधी एका टाकीतून मऊ करून घेतात, आणि ती टाकी थकली की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लावतात. धुतलेलं पाणी टाकून देतात. ते आता नाल्याला जातं. पूर्वी कुठे जात होतं, तो पाइप माझ्या पायाशी होता.

मी बाटली भरून आणली. पाण्यातलं मीठ मोजण्याची रीत सोपी आहे. फ्लास्कमध्ये नमुना, त्यात पिवळा रंग, वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. मीठ असेपर्यंत पिवळं राहतं, मीठ संपलं की विटकरी होतं. आमच्या पिण्याच्या पाण्याला थोड्याच थेंबांत विटकरी रंग येतो. या पाण्याला ब्युरेट रिकामी झाली तरी फ्लास्क पिवळाच. मी ब्युरेट पुन्हा भरली. मग थांबले, नमुना बराच पातळ करून नव्याने केलं, कारण आकडा बरोबर यायला हवा होता. तो आला. मग लिटमस बुडवला. निळा निळाच राहिला, तांबडा तांबडाच. लिटमसला आम्ल कळतं, अल्कली कळते. मीठ या दोन्हींत बसत नाही. तुमचा प्रयोग बरोबर होता, बाई. प्रश्न वेगळा विचारायला हवा होता. तेच पाणी वाटीत घेऊन तुमच्या स्टोव्हवर आटवलं असतं तर तळाला दिसलं असतं.

बाकीचं मग आपोआप लागत गेलं. कडा करपणं मिठाचं. पांढरी खपली मिठाची. आणि जो जास्त पाणी घालील त्याचं झाड आधी जाणार. मी आणखी एक गोष्ट बघायला घरी गेले, जी बघायला कुठेही जावं लागत नव्हतं. रोपं वाटताना एक डबा फुटका निघाला होता, त्यातलं लिंबू तुम्ही मला दिलंत आणि घरी लाव म्हणालात. आईने ते मोरीशेजारी लावलं आणि तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी घालत राहिली. त्याच बिया, पवनेकाठची तीच माती तुम्ही फडक्यात बांधून दिलेली. ते झाड आज छपराच्या वर गेलं आहे. फरक फक्त पाण्याचा. ते चौदा वर्षं आमच्या दारात होतं, आम्ही त्याची लिंबं खात होतो आणि मी, रसायनशास्त्राची पदवीधर, त्याच्याखाली बसून दाणे निवडत होते.

बॉयलरवरच्या ऑपरेटरला मी सांगितलं की हे पाणी कोणीही मागितलं तरी द्यायचं नाही, यात मीठ आहे, पूर्वी याच्यावर शाळेची बाग मेली. तो मान डोलावून म्हणाला, 'मग मॅडम, कैऱ्या लावायच्या होत्या. झाडावरच लोणचं.' मी हसले. तो चकित झाला, कारण मला हसताना त्याने पाहिलं नव्हतं. कार्मिक अधिकाऱ्यांना मात्र ते आवडलं नाही. पाणी स्वच्छ तर दिसतंय, म्हणाले. मीठ दिसत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, 'पूर्वी दिलं तेव्हा कोणाची तक्रार आली नव्हती.' मी म्हटलं, 'त्यांना वाटलं चूक आपली आहे. म्हणून आली नाही.' त्यांनी टेबलाच्या काचेवरचा पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाले, ठीक आहे, पाइप तोडून टाका. वाईट माणूस नाही. त्या साहेबांनीही तुम्हाला मुद्दाम खारं पाणी दिलं नसणार. त्यांना वाटलं असेल, वाया जातंय ते शाळेला जाऊ दे.

मग मी पटांगणाची माती तपासली. इतक्या वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन गेलेलं होतं. जमिनीत काही दोष नव्हता. राहिलं पाणी. पिण्याच्या नळांखालून रस्त्याकडे वाहून जाणारं पाणी एका हौदात वळवलं, तेवढ्यात शाळेचे महिने निघाले. बकऱ्या आत येऊ नयेत म्हणून कडेने बाभळीच्या काटेरी फांद्या. पण मे उरला, जिथे सगळ्यांच्या बागा मरतात. यादी लावून उपयोग नव्हता. यादीत नाव असलेलं मूल मामाच्या गावाला जातं आणि यादी भिंतीवर राहते.

तेव्हा मी मुलांना तेच सांगितलं जे त्यांना घरी पाठ आहे. कारखान्यात शिफ्ट संपली म्हणून कोणी मशीन सोडून जात नाही. रिलीव्हर येतो, त्याच्या हाती मशीन द्यायचं, मग निघायचं. रिलीव्हर आला नाही तर थांबायचं. झाडाचंही तसंच. गावाला खुशाल जा, पण आधी तुझा रिलीव्हर झाडापाशी आणून उभा कर, त्याच्या हाती झाड दे, आणि मग जा. पाणी घरचं, तांदूळ आणि भाज्या धुतलेलं. राखेने घासलेल्या भांड्यांचं नको, साबणाचं नको. हे मी त्यांच्याकडून दोन वेळा म्हणून घेतलं. समजावून काही सांगावं लागलं नाही. नववीतला एक मुलगा म्हणाला, 'आणि ओव्हरटाइम?' मी म्हटलं, मिळणार नाही. तो म्हणाला, म्हणजे अगदी कंपनीसारखंच.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मेमधल्या एका गुरुवारी दुपारी मी शाळेत गेले तर सहावीतली एक मुलगी पेरूपाशी डोक्यावर ओढणी घेऊन उभी होती आणि तिचे वडील, ज्यांच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी नसते, दुसऱ्या पाळीला जायच्या कपड्यांत, हातात डबा, तिच्यावर वैतागलेले. वडील सोडून घरचे सगळे संध्याकाळच्या एसटीने गावी जाणार होते आणि ती हलत नव्हती.

'अगं चल की. झाड काय पळून चाललंय व्हय?'

'मशीन पळून जातं का?'

'ते कंपनीचं हाय.'

'हे पण माझ्या हातात दिलेलं हाय. माझा रिलीव्हर आला न्हाई.'

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं ठरवलं असतं तर मी तिला जा म्हटलं असतं, कारण ऊन फार होतं, म्हणून गप्प बसले. ते सायकलवर टांग टाकून गेले आणि थोड्या वेळाने रिलीव्हरला कॅरियरवर बसवून घेऊन आले, अर्धी झोप डोळ्यांत, मागून त्याची आई ओरडत. मुलीने त्याला झाड दाखवलं, कुठलं पान किडीने खाल्लंय ते दाखवलं, आळ्यात बोट घालून ओल दाखवली. मग ती वडिलांच्या मागे बसली. वडील पाळीला उशीर झाला म्हणून पुटपुटत होते, पण जाता जाता मला म्हणाले, 'आमच्या खात्यात एवढं कोणी करत नाही, मॅडम.' ते गेल्यावर मी पायरीवर बसले. पान न् पान हिरवं होतं. कुठेही कड करपलेली नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी सगळी बाग फिरून पाहिली. दोन पपया आणि एक जास्वंद गेली, बाकी आहे. सायकलींची शेड आता पुढच्या अंगणात होईल. मी त्यांना पाण्याचं सगळं सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, 'म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून पाणी घालून घालून मारली म्हण की.' मी हो म्हटलं. ते थोडं चालले आणि थांबले. म्हणाले, 'एक विचारू का? पोरांना हे सांगायलाच हवं का? बाई गावाला गेल्या होत्या एवढंच लोकांना माहीत आहे. आई आजारी असेल तर माणूस जाणारच, त्यात कमीपणा नाही. पण विज्ञानाच्या बाईंनीच तपासून घातलेल्या पाण्याने बाग मेली, हे बरं दिसेल का? गेलेलं माणूस उत्तर द्यायला येत नाही.' त्यांच्या बोलण्यात तुमच्याबद्दल माया होती. म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. सोमवारपर्यंत ठरव, म्हणाले.

मला वाटतं, निष्काळजी म्हणवून घेण्यापेक्षा चुकलेली म्हणवून घेणं तुम्हाला चाललं असतं. पण हा माझा अंदाज आहे, निरीक्षण नाही. दुसरंही एक आहे. या मुलांना पुढे कोणी ना कोणी पाणी देऊ करणार आहे. चाकणच्या बाजूला आत्ता कांद्याच्या गाड्यांशिवाय काही नाही, पण तिकडेही कारखाने जातील आणि शाळांना पाइप टाकून देतील, चांगल्या मनाने. पाणी स्वच्छ दिसेल, लिटमस काही बोलणार नाही. तेव्हा एखाद्याला तरी तुमची बाग आठवली पाहिजे, आणि ती खरी आठवली पाहिजे. गावाला गेलेल्या बाईंची गोष्ट त्यांच्या काही कामाची नाही.

पत्र टाकायचं नाही हे लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. पाकीटही आणलं नाही. तरी एक गोष्ट लिहून टाकते, कारण इथवर बाकी सगळं तपासून लिहिलं आहे. फ्लास्क पिवळाच राहिला तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं, मी स्टुलावर बसले. ते हलकं वाटणं तुमच्यावरचा आळ गेला म्हणून, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. तुम्ही मला नंतर आठवलात. आधी एवढंच आलं मनात की मी पाणी घालत होते, रोज घालत होते, आणि आता ते सिद्ध करता येईल.

आज बुधवार. शाळा सोमवारी भरते. मी मुलांना सगळं सांगावं असं ठरवते आहे: पाइप, लिटमस, मीठ, आणि ते तपासणाऱ्या बाई कोण होत्या. तुमची हरकत असेल तर कृपया रविवारपर्यंत कळवावं.